खुरे व नखे : ती का साळावीत आणि किती वेळा

जनावराचे खूर, त्याचे शिंग आणि कुत्र्याचे नख ही तिन्ही एकाच जातीच्या द्रव्याची बनलेली असतात. आपल्या बोटांवरील नखाप्रमाणेच हे द्रव्य कठीण व निर्जीव असते. त्यास वेदना नसते आणि त्यातून रक्तही वाहत नाही. परंतु त्याच्या आत जिवंत मांसाचा थर असतो. त्या थरातून हे द्रव्य जन्मभर, दररोज थोडे थोडे निर्माण होत राहते. बैल कामावर असो वा गोठ्यात बांधलेला असो, कुत्रा शेतावर धावत असो वा ओसरीवर निजलेला असो, वाढ थांबत नाही. कमीजास्त होते ती झीज.

या लेखातील सर्व सूचनांचे मूळ या एका गोष्टीत आहे. जेथे जमीन खूर झिजविते, तेथे मनुष्याने शस्त्र लावण्याचे कारण नाही. जेथे आपण जनावर बांधून ठेवून जमिनीचे ते काम बंद पाडले, तेथे ते काम आपल्या हाती घेणे हे आपले कर्तव्य ठरते.

वाढ किती आणि झीज किती

गाय-बैलाचे खूर महिन्याला साधारणतः ५ मिलिमीटर वाढते. हा आकडा क्षुल्लक वाटतो. परंतु सहा महिन्यांत ही वाढ ३ सेंटिमीटर, म्हणजे एक इंचाहून अधिक होते. रोज रानात चरावयास जाणारी गाय किंवा औत ओढणारा बैल ही वाढ चालण्याने झिजवून टाकतो. त्यामुळे पूर्वी आपल्या भागात खुरे साळण्याचा प्रश्न फारसा निर्माण होत नसे.

वर्धा जिल्हा हा गवळाऊ जातीच्या गुरांचा प्रदेश. आर्वी, आष्टी व कारंजा या तालुक्यांत ही जात विशेषकरून जोपासली गेली. चपळ चालीच्या या बैलांची कीर्ती त्यांच्या पायांवरच उभी आहे. ही गुरे दिवसभर चरत हिंडत असल्यामुळे त्यांच्या खुरांची निगा माळरानेच राखीत.

आज देवळी तालुक्यातील परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. चराईची जमीन कमी झाली. संकरित गाई गोठ्यात बांधून वैरण-पेंडीवर पोसल्या जातात. नांगरणी बहुधा ट्रॅक्टरने होते. जो बैल पूर्वी वर्षभर राबत असे, तो आता डवरणी व पेरणीपुरता बाहेर निघतो आणि उरलेले महिने दावणीस उभा असतो. खूर मात्र पूर्वीच्याच गतीने वाढत आहे.

आपल्या काळ्या जमिनीचाही येथे विचार केला पाहिजे. पावसाळ्यात ती चिकट व मऊ होते. अशा चिखलात खूर झिजत नाही, उलट पाणी शोषून मऊ पडते आणि बोटांच्या फटीत माती घट्ट बसते. उन्हाळ्यात तीच जमीन भेगाळून कठीण ढेकळांची होते. तेव्हा वाळलेले खूर ठिसूळ होऊन त्यास चिरा पडतात. म्हणून खुरांवर वर्षातून किमान दोन वेळा लक्ष देणे अवश्य आहे.

वाढलेल्या खुरामुळे काय बिघडते

खुराचा पुढचा भाग लांबला म्हणजे पायाचा तोल मागे जातो. शरीराचा भार खुराच्या टाचेवर पडतो, मागील शिरा ताणल्या जातात आणि सांध्यांना पीळ बसतो. बूट पायापेक्षा मोठा असता मनुष्य जसा अडखळतो, तसे जनावर अडखळू लागते. मोठ्या खुराच्या कडेला खडा किंवा काटा अडकतो. खुराची भिंत व तळ यांच्या सांध्यावर जी पांढरी रेषा दिसते, तेथून घाण आत शिरून पू धरतो.

लंगडणारी गाय चाऱ्यापर्यंत कमी वेळा जाते व अधिक वेळ बसून राहते. खाणे घटले की दूध घटते. शेणामुतात बसल्यामुळे सड घाण होऊन स्तनदाहाची भीती वाढते. पाय दुखत असल्यामुळे ती माजावर आली तरी दुसऱ्या गाईवर उडी घेत नाही. माज लक्षात येत नाही, रेतनाची वेळ चुकते आणि वेत लांबते. शेतकरी गाईच्या दुधास किंवा रेतनास दोष देतो, पण मूळ कारण तिच्या पायाखाली असते.

बैलाच्या बाबतीत हानी अधिक उघड आहे. मृगाचा पाऊस पडून काळ्या जमिनीस वापसा आला म्हणजे पेरणीस थोडेच दिवस हाती असतात. त्या दिवसांत जोडीतील एक बैल लंगडला तर दुसराही निरुपयोगी होतो. भाड्याची जोडी किंवा ट्रॅक्टर त्याच वेळी प्रत्येकास हवा असतो. ज्याची जमीन पाच एकर आहे, त्याचा वापसा अशा वेळी हातचा जातो. आणि लंगडा बैल बाजारात नेला तर त्याची किंमत कोण देणार ? अर्ध्या तासाच्या कामाने जे टळले असते, त्यापायी हंगाम आणि बैल दोन्ही जाण्याची वेळ येते.

किती वेळा साळावे

सर्व जनावरांस एकच नियम लावणे योग्य नाही. पुढील प्रमाण व्यवहारात उपयोगी पडेल.

१. सतत बांधलेली दुभती गाय व म्हैस : वर्षातून दोन वेळा. पैकी एक वेळ गाय आटविताना, म्हणजे विण्यापूर्वी सुमारे दोन महिने, आणि दुसरी विल्यानंतर तीन ते चार महिन्यांनी ठेवावी. विण्याच्या अगदी तोंडावर गाईस या कामासाठी धरू नये.

२. काम करणारा बैल : दर सहा महिन्यांनी तपासणी करावी. खूर वाढले असेल तरच साळावे.

३. रोज चरावयास जाणारी गुरे : तपासणी तेवढीच करावी, बहुधा साळावे लागत नाही.

४. बंदिस्त शेळ्या : दर दोन ते तीन महिन्यांनी. शेळीच्या खुराची कड वाढून तळाखाली दुमडते व तीत घाण साचते. रानात हिंडणाऱ्या शेळीस हे क्वचितच करावे लागते.

लक्षात राहावे म्हणून बैलांच्या तपासणीसाठी पोळा आणि होळी हे दोन सण धरावेत. या दोहोंत सुमारे सहा महिन्यांचे अंतर आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे शेकतो व लोण्या-हळदीने मळतो. त्याच वेळी चारही पाय उचलून पाहावेत. पावसाळ्यात खूर ओले व मऊ असल्यामुळे ते सहज कापले जाते. होळीच्या सुमारास रब्बीचे काम आटोपलेले असते आणि उन्हाळ्यात चिरा पडण्यापूर्वी खुरांस आकार देता येतो. त्या वेळी खूर कठीण असल्यास पाय आधी तासभर ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत.

खूर साळण्याची रीत

प्रथम जनावरास सपाट जागी चालवून मागून पाहावे. पाठ कमानीसारखी वाकते काय, एक पाय उचलून टेकते काय, खुराची टोके एकमेकांवर चढली आहेत काय, हे टिपून घ्यावे.

जनावर पशुवैद्यकीय दवाखान्यातील खोड्यात उभे करणे उत्तम. बैल दोराने पाडून काम करण्याची चाल आहे. परंतु त्यासाठी जाणती माणसे व मऊ जागा हवी. गाभण गाय कधीही पाडू नये. हत्यारे तीन लागतात : खूर कापण्याची मोठी कात्री, खूर साळण्याची वाकड्या टोकाची सुरी व कानस. काही ठिकाणी सुताराची पटाशी व हातोडी वापरतात. त्यात घाव किती खोल जाईल याचा अंदाज राहत नाही, म्हणून ती रीत सोडून द्यावी.

हॉलंडमधील पशुवैद्य टूसां राव्हेन यांनी खुरे साळण्याची जी क्रमवार पद्धत सांगितली, ती १९८५ साली निघालेल्या इंग्रजी पुस्तकामुळे सर्वत्र पसरली. तिचा सारांश असा :

गाईच्या प्रत्येक पायास दोन खुरे असतात. मागील पायांत बाहेरच्या खुरावर अधिक भार पडतो व तेच अधिक वाढते. पुढील पायांत बहुधा आतले खूर अधिक वाढते. म्हणून काम नेहमी कमी बिघडलेल्या खुरापासून सुरू करावे : मागील पायात आतले, पुढील पायात बाहेरचे. हे खूर आपले माप होय.

(अ) पाय धुऊन फटीतील माती काढावी.

(आ) केसांची कड जेथे संपते, तेथपासून खुराच्या पुढील टोकापर्यंत माप घ्यावे. होल्स्टीनसारख्या मोठ्या गाईत सुमारे ७.५ सेंटिमीटर, म्हणजे तीन इंच लांबी राखावी. ती याहून कमी करू नये. लहान बांध्याच्या देशी जनावरात केवळ मापावर न जाता तळाची जाडी पाहत थोडे थोडे कापावे.

(इ) टोक कापल्यावर तळाचा पुढचा भाग सपाट करावा. टाच शक्यतो राखावी, कारण तीच जनावराचा भार पेलते.

(ई) दुसरे खूर पहिल्याच्या लांबी-उंचीस आणावे. दोन्ही तळांवर आडवी पट्टी ठेवली असता ती सारखी टेकली पाहिजे.

(उ) दोन्ही तळांचा फटीकडील मधला भाग किंचित खोलगट करावा, म्हणजे तेथे शेण-माती अडकत नाही व मांसल भागावर दाब येत नाही. टोकाकडचा भाग मात्र खोलगट करू नये.

(ऊ) शेवटी कडा कानशीने गुळगुळीत कराव्यात. खुराची बाहेरील चकचकीत बाजू खरवडू नये. ती ओलावा राखणारी असते.

कोठे थांबावे, हे या कामातील सर्वांत महत्त्वाचे ज्ञान आहे. तळ अंगठ्याने दाबून पाहावा. तो दबू लागला किंवा गुलाबी झाक दिसली की तत्काळ थांबावे. पातळ तळाचे जनावर गिट्टीच्या रस्त्यावर पुष्कळ दिवस लंगडते. खूर थोडे लांब राहिले तर पुढील वेळी कापता येते. अधिक कापले गेले तर ते जोडता येत नाही. फार वाढलेले खूर एकाच बैठकीत पूर्ववत करण्याचा हट्ट धरू नये. महिना-दीड महिन्याच्या अंतराने दोन-तीन वेळा साळावे.

नाल मारलेले बैल

डांबरी किंवा सिमेंटच्या रस्त्यावर गाडी ओढणाऱ्या बैलाची झीज वाढीपेक्षा अधिक होते. वर्धा-यवतमाळ रस्त्याने कापसाची गाडी बाजारात नेणाऱ्या बैलास याचसाठी नाल किंवा पत्री मारतात. परंतु नाल मारला की झीज थांबते आणि खूर नालेसह पुढे वाढत जाते. म्हणून नाल झिजला नसला तरी दीड-दोन महिन्यांनी काढून, खूर साळून, मगच पुन्हा ठोकावा. नालबंदाचा खिळा मांसात गेल्यास बैल लगेच पाय झटकतो. तो खिळा काढून जखम स्वच्छ करावी आणि धनुर्वाताच्या लसीविषयी पशुवैद्यांना विचारावे. जो बैल केवळ शेतात चालतो, त्यास नालेची गरज नसते.

प्रत्येक लंगडणे खूर वाढल्यामुळे नसते

तोंडातून लाळ गळते, जिभेवर फोड आहेत आणि बोटांच्या फटीतही फोड आहेत, असे दिसल्यास तो लाळ-खुरकूत रोग समजावा. अशा जनावराची खुरे साळू नयेत. त्यास वेगळे बांधून दवाखान्यास कळवावे. या रोगाविरुद्ध केंद्र शासनाने २०१९ साली राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रम सुरू केला असून गुरांना दर सहा महिन्यांनी लस टोचून घ्यावयाची आहे. ज्या हत्याराने एका गोठ्यातील जनावराची खुरे साळली, ते निर्जंतुक केल्याशिवाय दुसऱ्या गोठ्यात नेऊ नये.

दुसरे कारण खाण्यात असते. लग्नाच्या पंगतीतील उरलेला भात व पोळ्या, किंवा ज्वारी-गव्हाचे पीठ एकदम भरपूर खाऊ घातल्यास पोटात आम्ल वाढते आणि खुराच्या आतील मांसल थर सुजतो. अशा गाईचे चारही पाय दुखतात. पुढे खुरांवर आडव्या वळ्या पडतात. येथे दोष खुराचा नसून दावणीचा आहे.

पावसाळ्यात बोटांच्या फटीत दुर्गंधीयुक्त कूज होते. तिच्या प्रतिबंधासाठी १० लिटर पाण्यात ५०० ग्रॅम मोरचूद विरघळवून, धुतलेले पाय त्या द्रावणात बुडवावेत. द्रावण लोखंडी भांड्यात करू नये. ते जनावरांनी पिऊ नये अशी दक्षता घ्यावी व उरलेले विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नये. पाय सुजला असेल, पू येत असेल किंवा जनावर पाय टेकीतच नसेल, तर घरगुती उपाय थांबवून पशुवैद्यांना बोलवावे. जखमेवर जळके ऑईल लावू नये.

कुत्र्याची नखे

रानडुकरे व रोही यांच्यापासून पीक राखण्यासाठी आपल्याकडे पुष्कळ शेतकरी कुत्रा पाळतात. जो कुत्रा रात्रभर बांधावर फिरतो, त्याची नखे आपोआप झिजतात. जो साखळीला बांधलेला असतो, किंवा गावातील घरात फरशीवर राहतो, त्याची झिजत नाहीत. म्हातारा कुत्राही कमी हिंडतो व त्याची नखे वाढतात.

ओळखण्याची खूण सोपी आहे. कुत्रा सपाट जमिनीवर सरळ उभा असता नखे जमिनीस टेकता कामा नयेत. फरशीवर चालताना नखांचा टकटक आवाज आला की ती वाढली असे समजावे. वाढलेले नख जमिनीवर टेकून बोट वर व बाजूस ढकलले जाते, पंजा पसरतो, कुत्रा पाय चोरून चालू लागतो. असे नख गोणपाटात किंवा तारेत अडकून मुळापासून फाटते. ती वेदना तीव्र असते.

बांधलेल्या व घरात राहणाऱ्या कुत्र्याची नखे दर तीन ते चार आठवड्यांनी कापावीत. राखणीच्या कुत्र्याची महिन्यातून एकदा पाहणी पुरे. परंतु पायाच्या आतल्या बाजूस उंचावर जे अंगठ्याचे नख असते, ते कोणत्याही कुत्र्यात जमिनीस लागत नाही. म्हणून ते झिजतही नाही. कित्येकदा ते गोल वळून मांसात रुतते व तेथे किडे पडतात. हिंडणाऱ्या कुत्र्याचे हे नख मात्र प्रत्येक वेळी आवर्जून पाहावे.

कुत्र्यासाठी मिळणारी खास नखकात्री वापरावी. माणसाच्या नखकात्रीने नख चिरडते. पांढऱ्या नखात आतील गुलाबी जिवंत भाग दिसतो. त्याच्या थोडे अलीकडे कापावे. काळ्या नखात तो दिसत नाही. तेथे टोकाचे पातळ पातळ काप घेत जावे व कापलेल्या तोंडाच्या मध्यभागी गडद ठिपका दिसू लागताच थांबावे. नखे फार वाढली असतील तर आतील जिवंत भागही पुढे आलेला असतो. ती दर आठवड्यास अगदी थोडी कापीत गेल्यास तो हळूहळू मागे सरतो. चुकून रक्त आल्यास स्वच्छ कापडाने काही मिनिटे दाबून धरावे व तुरटीची पूड लावावी.

पिल्लू लहान असतानाच त्याचे पंजे रोज हाताळावेत, म्हणजे मोठेपणी ते झगडत नाही. कुत्र्यास दरवर्षी रेबीजची लस टोचलेली असावी. नखे कापताना त्याने चावा घेतला किंवा ओरबाडले, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. पाळलेला कुत्रा आहे म्हणून यात हयगय करू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

प्रत्येक गावात खुरे साळण्याची हत्यारे प्रत्येक शेतकऱ्याने घेण्याची आवश्यकता नाही. दूध संस्थेने किंवा बचत गटाने एक संच घ्यावा, दोन तरुणांना पशुवैद्यांकडून प्रत्यक्ष शिक्षण द्यावे आणि पोळ्यापूर्वीच्या आठवड्यात तपासणीचा दिवस ठरवावा. गावातील जुन्या नालबंदाचा हात कुशल असतो. त्यास टाळू नये, त्याच्या अनुभवास वरील मापाची जोड द्यावी. गोठ्याच्या भिंतीवर प्रत्येक गाईच्या नावापुढे खूर साळल्याची तारीख खडूने लिहून ठेवण्याची सवय लावावी.

या कामास खर्च अल्प आहे व कौशल्य थोड्या सरावाने येते. उणीव असते ती खाली वाकून पाय पाहण्याची. दूध काढताना आपण सड पाहतो, विकत घेताना दात पाहतो. त्याचप्रमाणे दर महिन्याच्या अमावास्येस जनावराचा पाय उचलून पाहण्याचा परिपाठ ठेवल्यास, पेरणीच्या दिवसांत बैल लंगडा निघण्याची आपत्ती पुष्कळ अंशी टाळता येईल.